झूजियाजिआओ: शांघायहून मेट्रोने एका दिवसाची ट्रिप, जावं की नाही?

जावं, कालव्यांच्या काठाने वसलेलं हे जुनं गाव, म्हणजे "वॉटर टाऊन", बघण्यासारखं आहे. पण सकाळी साडेआठ-नवाला तिथे पोचायचं, शनिवार-रविवार टाळायचा आणि टूर कंपनीची बस अजिबात घ्यायची नाही. एवढंच वाचायचं असेल तर इथेच थांबलात तरी चालेल, बाकीचं खाली सविस्तर लिहितेय कारण इथे राहायला आल्यापासून घरी पाहुणे आले की त्यांना घेऊन जायचं ठिकाण म्हणजे झूजियाजिआओ हे आमच्याकडे ठरूनच गेलंय, आणि दर वेळी तेच प्रश्न येतात, व्हेज मिळतं का, चालायला किती आहे, होडी करावी का, आणि हमखास एक जण नेटवर वाचून आलेला असतो की "ते फार कमर्शियल झालंय, तिकडे काय जायचं".

या कमर्शियलवाल्यांना आधी उत्तर देऊन टाकते. झूजियाजिआओ हे गाव झालंच बाजारामुळे. शांघायच्या पश्चिमेला, चिंगपू जिल्ह्यात, दियानशान तलावाच्या जवळ आहे हे, आणि या सगळ्या भागात पूर्वी रस्त्यापेक्षा पाण्याचीच वाट जास्त. तांदूळ, सुती कापड, तेल, सगळं होडीने यायचं-जायचं. मिंग राजघराण्याच्या काळात, सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी हे कापडाचं आणि पुढे तांदळाचं मोठं बाजारगाव झालं. गावातल्या मुख्य नदीचं नाव त्साओगांग, याच पाण्याने धान्याच्या होड्या जायच्या. म्हणजे आज तुम्हाला नॉर्थ स्ट्रीटवर, इथल्या मुख्य बाजारगल्लीत, एकाला एक लागून दुकानं दिसतात ना, ती चारशे वर्षांपूर्वीही होती, गिऱ्हाईकाला हाका मारणारेही असणारच. इथे दुकानं आहेत म्हणून नाक मुरडण्यात काही अर्थ नाही. माझी तक्रार वेगळी आहे, की आता त्यातल्या निम्म्याहून जास्त दुकानांत तोच तोच माल आहे. तेच पंखे, तेच रेशमी स्कार्फ, तेच मोत्यांचे सर, तीच लाकडी खेळणी जी शांघायच्या प्रत्येक टुरिस्ट गल्लीत मिळतात. जुना बाजार असता तर प्रत्येक दुकानदाराने शेजाऱ्यापेक्षा वेगळं काहीतरी ठेवलं असतं. पण शोधलं तर वेगळं अजूनही सापडतं, कुठे ते पुढे सांगते.

जायचं कसं ते आधी. मेट्रोची १७ नंबरची लाईन डिसेंबर २०१७ च्या अखेरीस सुरू झाली आणि तेव्हापासून हा प्रश्न संपलाय. लाईन २ किंवा १० ने होंगच्याओ रेल्वे स्टेशनपर्यंत यायचं, तिथे लाईन १७ ला बदलायचं आणि झूजियाजिआओ याच नावाच्या स्टेशनवर उतरायचं. बराचसा रूट पुलावरून जातो त्यामुळे खिडकीतून बघायलाही बरं वाटतं. शहराच्या मध्यातून, पीपल्स स्क्वेअरकडून निघालात तर सगळं मिळून दीड तास धरा. भाडं दहा युआनच्या आत. हो, पन्नासेक किलोमीटरला दहा युआनच्या आत, म्हणून तर म्हणतेय टूर नको. मेट्रोत शिरताना बॅग मशीनमधून जाते, पाण्याची बाटली कधी कधी बाहेर काढायला लावतात, त्याने दचकू नका. स्टेशनवरून जुनं गाव चालत पंधरा-वीस मिनिटं, बाहेर पडल्या पडल्या रिक्षावाले मागे लागतील की फार लांब आहे, लांब वगैरे काही नाहीये. फक्त हा रस्ता एकदम साधा, नव्या इमारती, मोबाईलची दुकानं, त्यामुळे सोबतच्या लोकांचा चेहरा पडतो की हे कसलं ऐतिहासिक गाव, त्यांना दहा मिनिटं धीर धरायला सांगा.

गावात शिरायला तिकीट नाही. हे मुद्दाम सांगते कारण अशा वॉटर टाऊनपैकी वूझेनसारख्या ठिकाणी नुसतं आत पाऊल टाकायलाच तिकीट लागतं आणि ते काही स्वस्त नाही. इथे गल्ल्या, पूल, नदीकाठ सगळं फुकट, आतली बाग, म्युझियम, देऊळ यांची वेगवेगळी किंवा सगळ्यांची मिळून तिकिटं असतात. एकत्र तिकीट घेऊ नका असं मी सांगीन. त्यातली बरीचशी ठिकाणं म्हणजे दोन खोल्या, काचेच्या पेट्या आणि चिनी भाषेतले बोर्ड. एक केझी बाग तेवढी वेगळं तिकीट काढून बघा.

सकाळी का जायचं तर, दहानंतर ज्या गल्लीत तुमची बॅग पुढच्याच्या पाठीला आणि मागच्याची छत्री तुमच्या मानेला लागते तीच गल्ली नऊ वाजता रिकामी असते. दुकानांच्या फळ्या अजून निघतायत, कोणी दारासमोरचा दगड धुतंय, एक आजोबा नदीच्या पायऱ्यांवर बसून पालेभाजी धुतायत. या पायऱ्या नीट बघा. प्रत्येक दोन-चार घरांमागे पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, पूर्वी भाजीवाल्याची, कोळशाची होडी थेट तिथेच लागायची. काठाच्या भिंतीत होडीची दोरी अडकवायला भोकं पाडलेले दगड बसवलेत, त्यातल्या काहींवर छान नक्षी कोरलेली आहे. गाईड हे सहसा दाखवत नाहीत कारण त्यासाठी खाली वाकून बघावं लागतं, आणि त्यांना पुढे पळायचं असतं. आमच्या सासूबाईंनाच ते पहिल्यांदा दिसलं, त्या गुडघ्यांमुळे दर पाच मिनिटांनी बसतात ना, त्यामुळे बसल्या बसल्या त्यांचं लक्ष गेलं आणि मग त्यांनी आम्हाला पाच-सहा शोधून दाखवले.

लोक अजून इथे राहतात हा मला सगळ्यात मोठा प्लस पॉईंट वाटतो. वूझेनचा पश्चिम भाग दिसायला इथल्यापेक्षा कितीतरी नेटका आहे, रात्रीचे दिवे तर विचारू नका, पण तिथले जुने रहिवासी हलवून ते सगळं एका कंपनीने चालवायला घेतलेलं आहे. झूजियाजिआओला तुम्ही मुख्य गल्ली सोडून दोन वळणं आत गेलात की खिडकीबाहेर वाळत घातलेले कपडे, दाराशी उलटी ठेवलेली बादली, आतून टीव्हीचा आवाज, आणि पत्त्यांचा डाव पडलेला. फोटोला तेवढं देखणं नाही. पण मला हेच बघायला आवडतं. (फक्त कोणाच्या उघड्या दारातून आत मोबाईल घालून फोटो काढू नका, मी लोकांना हे करताना बघितलंय आणि एका आजींनी त्यावर जे काही ऐकवलं ते चिनी येत नसतानाही सगळ्यांना कळलं.)

आता पूल. फांगशेंग पूल हा या गावाचा हिरो आहे आणि तो आहेच तसा. पाच कमानींचा दगडी पूल, सत्तर मीटरच्या आसपास लांब, १५७१ साली शिंगचाओ नावाच्या बौद्ध भिक्षूने वर्गणी गोळा करून बांधवला, आत्ता जो दिसतो तो १८१२ मध्ये पुन्हा बांधलेला. पुलाच्या मधोमध आठ ड्रॅगन कोरलेला दगड आहे, वर सिंह आहेत, ते सगळं बघालच, पण मला त्याचे खांब बघायला आवडतात. एवढा मोठा पूल आणि खांब बघा किती बारीक. या सगळ्या भागात जमीन गाळाची, मऊ, जड खांब टाकला तर तो खचणार, म्हणून इथल्या गवंड्यांनी खांब पातळ ठेवले आणि एका कमानीचा रेटा शेजारच्या कमानीवर टाकला. म्हणजे पाचही कमानी एकमेकींना धरून उभ्या आहेत, एक गेली तर बाकीच्यांचंही काही खरं नाही. आणि मधली कमान सगळ्यात उंच का, तर खालून माल लादलेल्या होड्या जायला पाहिजेत. त्यामुळे पूल चढायला बऱ्यापैकी उंच होतो, पायऱ्या रुंद आहेत पण झिजलेल्या आहेत, पावसात घसरतात. गुडघेवाल्यांनी कठड्याच्या बाजूने चढा.

पुलाशी बायका प्लास्टिकच्या पिशवीत छोटे छोटे मासे घेऊन बसलेल्या असतात. ते विकत घेऊन नदीत सोडायचे, जीव वाचवल्याचं पुण्य. ही प्रथा पुलाइतकीच जुनी, पुलाखालच्या पाण्यात मासे सोडायचे, पकडायचे नाहीत असा नियमच होता म्हणे. सासूबाईंनी भावुक होऊन दोन पिशव्या सोडल्या. नवरा म्हणाला, "आई, हे मासे पुण्यासाठीच पकडून आणलेत ना पण?" त्यावर त्यांनी त्याच्याकडे बघितलं सुद्धा नाही. मी कोणाचीच बाजू घेत नाही, पैसे फार नाहीत, मुलांना मजा येते.

एवढा एकच पूल बघून परत फिरू नका. गावात ३६ जुने पूल आहेत असं सांगतात. मोजत बसू नका, पण दोन तरी बघाच. एक तायआन पूल, युआनजिन देवळासमोरचा, छोटा पण एकदम खडा चढ, वर उभं राहिलं की देऊळ आणि नदी दोन्ही दिसतं आणि फांगशेंगपेक्षा गर्दी कमी. दुसरा हुईमिन पूल, लाकडी आणि वर कौलारू छप्पर असलेला, उन्हात किंवा पावसात टेकायला बेस्ट जागा. युआनजिन देऊळ चौदाव्या शतकातलं, १३४१ ची स्थापना, आत्ताच्या इमारती अर्थातच तेवढ्या जुन्या नाहीत. देऊळ लहान आहे, पंधरा मिनिटांत होतं, वरच्या मजल्यावरून नदीचा जो व्ह्यू मिळतो त्यासाठी जावं वाटलं तर जा.

होडी. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सरळ उत्तर: करा, पण छोटी फेरी करा, मोठी नाही. पैसे माणशी नसतात, पूर्ण होडीचे असतात आणि साधारण सहा जण बसतात, त्यामुळे दोघंच असाल तर महाग पडते, धक्क्यावर अजून दोन-चार जण बघून शेअर करायचं, इतर टुरिस्टही तेच शोधत असतात. दर धक्क्यावरच्या बोर्डावर लिहिलेला असतो, तिकीट खिडकीवर घ्यायचं, घासाघीस चालत नाही. होडी इंजिनाची नाही, मागे उभं राहून एकच लांब वल्हं डावीकडे-उजवीकडे हलवत चालवतात, वल्हं पाण्याबाहेर काढतच नाहीत, माशाच्या शेपटीसारखं आत फिरत राहतं. अरुंद कालव्यात दोन्ही बाजूंना वल्ही पसरायला जागाच नसते म्हणून ही पद्धत इथे टिकली. आवाज जवळजवळ नाहीच, आणि पाण्यातून बघितल्यावरच कळतं की गाव पाण्याकडे तोंड करून बांधलंय, गल्लीतून आपण त्याची पाठ बघत होतो. मोठी फेरी नको म्हणते कारण ती मोठ्या नदीवर जाते, तिथे वारा लागतो आणि दोन्ही बाजूंना बघायला फारसं काही नाही. नावाड्याने गाणं म्हटलं तर ऐकून घ्या. आमच्या नावाड्याने फोनवर कोणाशी तरी भांडण केलं, संपूर्ण फेरीभर. तरी होडी एकदाही काठाला लागली नाही, हे कौशल्य मानलं.

केझी बागेबद्दल थोडं जास्त लिहिते कारण गर्दी तिथे अर्ध्यावर येते. मा वेनचिंग नावाच्या श्रीमंत माणसाने १९१२ मध्ये हे बांधायला घेतलं आणि पूर्ण व्हायला १५ वर्षं गेली. १९१२ म्हणजे चीनमध्ये बादशाही नुकतीच संपलेली, आणि त्या काळातला गोंधळ बागेतही दिसतो, एकीकडे जुन्या पद्धतीची तळी, खडकांचे डोंगर, नागमोडी व्हरांडे आणि मध्येच एकदम युरोपियन वळणाची कमान. जवळच्या सुजौ शहरातल्या जुन्या बागा बघितलेले लोक इथे येऊन म्हणतात की हे तेवढं शुद्ध नाही. नाहीच आहे. पण मालकाला काय काय आवडत होतं ते सगळं त्याने एका जागी आणून ठेवलंय. एका बाजूला पुस्तकांसाठी जागा, दुसऱ्या बाजूला चक्क शेताचा तुकडा, कारण अभ्यासाबरोबर शेतीही सोडायची नाही असं त्याचं म्हणणं. चंद्र बघायला पाच मजली मनोरा. या बागेत २०१० पासून कुन्छु ऑपेराचे खेळही झालेत, खुल्या बागेत, तळ्याच्या पलीकडून गाणारी नटी. कुन्छु हा चीनच्या फार जुन्या संगीत नाट्यप्रकारांपैकी एक, युनेस्कोने २००१ मध्येच त्याला वारसा म्हणून मान दिलेला. तुमच्या तारखांना खेळ असेल का ते आधी चौकशी करून बघा, मिळालं तर एक भाषा कळत नाही एवढं सोडलं तर काहीच अडत नाही.

बागेत बाकं भरपूर आहेत, स्वच्छतागृह गावातल्यापेक्षा बरं आहे. म्हणजे ज्येष्ठ मंडळींना साडेअकरा ते एक इथे बसवून ठेवा आणि तुम्ही फिरून या, हा आमचा ठरलेला प्लॅन. टिश्यू पेपर स्वतःचा न्या, हे चीनमध्ये सगळीकडेच.

नॉर्थ स्ट्रीटवर आता येऊ. इतकी अरुंद गल्ली आहे की दोन्ही बाजूंच्या घरांची छपरं वर जवळजवळ एकमेकांना टेकतात आणि मध्ये आकाशाची एक पट्टी दिसते. इथेच वर म्हटलेला तोच-तोच माल आहे. पण इथेच हानदालोंग नावाचं सॉस आणि लोणच्याचं दुकान आहे, १८८६ पासूनचं, सोयाबीनचा सॉस, खारवलेल्या भाज्या, आंबवलेलं टोफू अशा बरण्या, वास दारातच येतो. आंबवलेलं टोफू गुलाबाच्या चवीचं घ्या, छोटी बरणी, चव चीजच्या जवळ जाणारी आणि खारट, पोळीला लावून खाल्लं तर मस्त लागतं. बॅग चेक-इन करणार असाल तरच घ्या आणि बरणी दोन पिशव्यांत बांधा. गावातच थोंगथियानह हे जुनं औषधाचं दुकान आहे, एकोणिसाव्या शतकातलं, भिंतभर छोटे छोटे खण आणि प्रत्येकात एक एक वनस्पती, तिथे विकत काही घ्यायची गरज नाही, नुसतं उभं राहून बघा. आणि चिंग, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या, काळातलं पोस्ट ऑफिस. चीनची सरकारी टपाल सेवा १८९६ मध्ये बादशहाच्या हुकमाने सुरू झाली, त्या सुरुवातीच्या काळातलं हे टिकून राहिलेलं पोस्ट, दाराशी ड्रॅगन असलेली टपालपेटी. पोस्टकार्ड घेऊन पाठवता येतं, मुलांना जाम आवडतं. आत जे म्युझियम आहे ते मात्र ठीकठाक.

मोती, रेशीम, जेड घेऊ नका. खरे नसतात असं मी म्हणत नाही, पण खरं-खोटं तुम्हाला ओळखता येणार नाही आणि दुकानदाराला हे पक्कं माहीत असतं. घासाघीस करायचीच हौस असेल तर पंख्यावर करा.

खाणं. इथे मांसाहारी मंडळी सुखात आहेत. डुकराच्या मांसाचा चौकोनी तुकडा पानाने-गवताने बांधून सोया सॉसमध्ये तासन् तास शिजवलेला, झा रोउ म्हणतात, दुकानाबाहेर तांबूस चकचकीत ढीग लावलेला असतो. नवऱ्याच्या मते यासाठीच इथे यायचं, बाकी सगळं निमित्त. झोंगझी म्हणजे बांबूच्या किंवा तशाच लांब पानात चिकट भात त्रिकोणी बांधून उकडलेला, आज्या दुकानाच्या दारात बसून इतक्या झपाट्याने बांधत असतात की व्हिडिओ स्लो करून बघावा लागतो. बहुतेकांत मांस असतं, लाल बीन्सचं गोड सारण किंवा खजुरासारखं जुजुब फळ घातलेलेही मिळतात, तेव्हा विचारूनच घ्या.

शाकाहारी लोकांनी हे नीट वाचा. भाजीत मांस नसलं म्हणजे ते व्हेज असं इथे नसतं, भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, सूप हाडांचं असू शकतं, आणि लाल बीन्सच्या गोड सारणातही चरबी घालायची जुनी पद्धत आहे. "वो छ्र सू" म्हणजे मी शाकाहारी, हे म्हणा, पण आपला उच्चार त्यांना कळेल याची खात्री नाही म्हणून फोनमध्ये ट्रान्सलेट करून ठेवा, आणि फक्त "शाकाहारी" नाही तर "मांस नको, मासे नको, चरबी नको, हाडांचं पाणी नको" असं पूर्ण वाक्य ठेवा. हे वाक्य दाखवल्यावर दुकानदार बहुतेक वेळा प्रामाणिकपणे मान हलवतात, हो किंवा नाही. बिनधोक गोष्टी म्हणजे भाजलेले-खारवलेले हिरवे बीन्स, या गावची खासियत आहे, फुटाण्यांसारखे चघळत फिरायचं, पाकीट घरीही न्या. कमळकाकडीत चिकट भात भरून ओस्मॅन्थस फुलांच्या पाकात शिजवलेल्या चकत्या, गोड आणि वासाला अप्रतिम. आणि चिंगथुआन, हिरव्या रंगाचे वाफवलेले गोळे, तांदळाच्या पिठीत दवण्याच्या जातीच्या पाल्याचा रस घालून केलेले, सासूबाईंनी त्याला जागच्या जागी उकडीच्या मोदकाची लांबची बहीण ठरवून टाकलं. पण त्यातल्या सारणाला वरचाच चरबीचा प्रश्न विचारा. खरा सीझन एप्रिलच्या सुरुवातीचा, छिंगमिंग सणाच्या आसपास, एरवीही मिळतात पण तेव्हाचे मऊ असतात. तळलेल्या आंबट-कुजक्या वासाच्या टोफूचा गाडा कुठे आहे ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, नाकच सांगेल. आणि खायला वासाइतकं वाईट लागत नाही.

जेवायला नदीकाठची हॉटेलं दिसायला भारी पण त्यातल्या एकात आम्हाला मेन्यूवरच्या दरापेक्षा जास्त बिल आलं, "टेबल पाण्याच्या बाजूचं आहे" असं कारण. ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या, वजनावर विकल्या जाणाऱ्या मासे-खेकड्यांचा दर कशाला आहे तेही. मला विचाराल तर पोट दुकानादुकानांतून थोडं थोडं खाऊन भरायचं आणि नंतर नदीकाठच्या चहाघरात वरच्या मजल्यावर खिडकीशी बसायचं. चहा महाग वाटेल, पण गरम पाणी हवं तितक्या वेळा भरून देतात आणि कोणी उठवत नाही, म्हणजे पैसे खरं तर खिडकीचे.

टूर बसबद्दल. गेल्या वर्षी पाहुण्यांनी येण्याआधीच ऑनलाईन बुक करून टाकली होती म्हणून आम्हीही गेलो, कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळ्या साधारण सारख्याच असणार. सकाळी तीन हॉटेलांवरून लोक गोळा करत बस निघाली, वाटेत रेशमाच्या "फॅक्टरीत" थांबली, मग चहाच्या डेमोला थांबली, आणि ऐन गर्दीत गावात पोचली. नंतर झेंड्यामागे पळत फांगशेंग पूल, नॉर्थ स्ट्रीट, होडी, की संपलं. गाईड माहिती चांगली सांगत होती हे खरं, पण गर्दीत ऐकू काय येणार. मेट्रोचं येणं-जाणं, बाग, होडी आणि खाणं मिळून जेवढं होतं त्याच्या कितीतरी पट पैसे त्या अर्ध्या दिवसाला दिले. सोबत खूप वयस्कर किंवा चालता न येणारं कोणी असेल तर मात्र ड्रायव्हरसह गाडी करा, त्याला पर्याय नाही. पूल पायऱ्यांचेच आहेत, व्हीलचेअर किंवा बाबागाडी घेऊन अर्ध्या गावात जाताच येणार नाही.

पैशांचं सांगते, अलीपे ॲपला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून घ्या, झोंगझीवाल्या आजीसुद्धा क्यूआर कोडच पुढे करते. एका वेळी २०० युआनच्या वर पैसे दिले तर परदेशी कार्डाला ३ टक्के चार्ज लागतो, त्याखाली नाही. थोडे रोख ठेवा, माशांच्या पिशवीला कामी येतात. पासपोर्ट जवळ असू द्या, तिकिटाला मागू शकतात. गूगल मॅप इथे उपयोगाचा नाही, अलीपेमधला किंवा अ‍ॅपलचा नकाशा चालतो, आपल्याकडचं रोमिंग सिम असेल तर व्हॉट्सॲप चालू राहतं, लोकल वायफायवर चालत नाही.

कधी जावं? मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा, नोव्हेंबर. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि १ मेची सुट्टी या दिवसांत इकडे फिरकू सुद्धा नका, पुलावर चढायला रांग असते. जून मध्यापासून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत इथे पावसाचा सीझन, सतत रिपरिप आणि चिकट उकाडा, पण खरं सांगू का, त्या पावसात काळी कौलं, पांढऱ्या भिंती आणि ओले दगड फार सुंदर दिसतात आणि माणसं निम्मी होतात. चांगले ग्रिपवाले बूट घालून गेलात तर मी तो सीझन सुद्धा सुचवीन. ऑगस्ट नको.

बाकीच्या वॉटर टाऊनचं विचारतात लोक. बाग हेच आकर्षण असेल तर थोंगली, तिथली तुइसी बाग युनेस्कोच्या यादीत आहे, पण ते सुजौहून जास्त सोयीचं. रात्री राहून दिवे-बिवे बघायचे असतील तर वूझेन. हातात एकच दिवस, राहायला शांघायमध्ये, आणि सकाळी उठायची तयारी असेल तर झूजियाजिआओ. पाचपैकी चार देईन, एक कापला तो पंखे-स्कार्फवाल्यांसाठी.

परत निघताना पाच ते सहामध्ये मेट्रोला सगळं गाव एकदम उलटतं, शनिवारी तर तिकीट मशीनपुढेच रांग. पण म्हणून परतीचं तिकीट सकाळी उतरल्यावरच काढून ठेवायचा विचार करू नका, एकेरी तिकीट त्याच दिवशीच्या त्याच स्टेशनसाठी वगैरे भानगडी होतात, त्यापेक्षा अलीपेमधला शांघाय मेट्रोचा क्यूआर कोड आदल्या दिवशी चालू करून घ्या आणि साडेतीन-चारलाच निघा.